ज्येष्ठता यादी
* वैमानिकाची बढती, त्याला मिळणारे विमान, सारे या यादीतल्या क्रमांकावर अवलंबून असते. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांच्या याद्या वेगळ्याच राहिल्या. पेच खरा होता. इंडियन एअरलाइन्समध्ये छोट्या विमानांवर कमांडरपद लवकर मिळे. एअर इंडियात त्यासाठी अधिक वर्षे सहवैमानिक म्हणून काढावी लागत. मग ज्येष्ठता नेमणुकीपासून मोजायची की कमांडर झाल्यापासून? कोणतीही तारीख धरली तरी कोणाची तरी उमेदीची वर्षे वाया जाणार. हा पेच सोडवण्यासाठी नेमलेल्या न्या. धर्माधिकारी समितीने जानेवारी २०१२मध्ये अहवाल दिला. तरी मे महिन्यात ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे यावरून वैमानिकांचा संप झाला, तो ५८ दिवस चालला.  ‘पगाराचा संप’ हे वर्णन २०११च्या संपाला लागू पडते, याला नव्हे.