मवाली कोण होते?

गेल्या ईदला जेवायला आलेला भाचा मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून हसत होता. केस पिवळे रंगवलेला एक पोरगा रस्त्यात नाचत होता. "काय मवाली आहे बघा मामू, एकदम छपरी!" म्हणत त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. एका वाक्यात दोन शब्द आणि दोन्हींचं आपल्याशी जुनं नातं. भाच्याला ते ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर 'मवाली' हा शब्द मीही आयुष्यभर असाच फेकत आलो आहे.

'मवाली' हे अरबी 'मौला' या शब्दाचं अनेकवचन. मौला म्हणजे धनी, तसाच आश्रितही. सातव्या शतकात इराक, इराण, खुरासान इस्लामी राज्यात आले, तेव्हा तिथल्या ज्या लोकांनी इस्लाम स्वीकारला त्यांना समाजात उभं राहण्यासाठी एखाद्या अरब टोळीचा आश्रय घ्यावा लागे. मुक्त झालेले गुलामही असेच जोडले जात. हे सगळे मवाली. म्हणजे मुसलमान, पण अरब नसलेले. आपणही त्या काळी तिथे असतो तर याच रांगेत उभे असतो.

उमय्या राजवटीत (661 ते 750) या लोकांना दुय्यम वागणूक मिळाली. लढाईत सोबत हवेत, पण वेतनात आणि मानात मागे. इराकचा सुभेदार हज्जाज याने तर शहरांत आलेल्या नवमुस्लिमांना पुन्हा खेड्यांत हाकललं आणि मुसलमान होऊनही त्यांच्याकडून जिझिया वसूल केला. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (717 ते 720) यांनी हा अन्याय थांबवायचा प्रयत्न केला, पण त्यांची कारकीर्दच जेमतेम अडीच वर्षांची. त्याआधी 685 मध्ये कुफ्यात मुख्तारने मवालींना सोबत घेऊन बंड केलं, तेव्हा अरब सरदारांना सर्वात जास्त झोंबलं ते हेच, की लुटीत या लोकांनाही वाटा मिळतोय! अखेर 750 मध्ये उमय्या सत्ता कोसळली ती खुरासानमधून उठलेल्या उठावाने, आणि त्यात मवालींचा वाटा मोठा होता. एकमेकांना वाईट नावांनी हिणवू नका, हे सूरह हुजुरातच्या 11 व्या आयतीत सांगितलेलं होतंच. उमय्या दरबारातही ती आयत पढली जात असणारच.

आणि हे मवाली होते कोण? बसऱ्याचे हसन बसरी मवाली. मक्केत फतवा देणारे अता बिन अबी रबाह मवाली. पैगंबरांचं चरित्र लिहिणारे इब्न इसहाक मवाली घराण्यातले. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सीबवैह इराणी. ज्यांच्या फिकहवर आपल्याकडचे बहुतेक मुसलमान चालतात ते इमाम अबू हनीफाही (699 ते 767) मवाली घराण्यातलेच.

उर्दूत 'हाली-मवाली' म्हणजे कुणाच्या मागे फिरणारे लोक, होयबा मंडळी. आश्रिताचा झाला होयबा आणि होयबाचा झाला गुंड. 1983 मध्ये जितेंद्रचा 'मवाली' नावाचा हिंदी सिनेमा आला, तोवर शब्दाचा मूळ अर्थ कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. 'बदमाश'चंही थोडंफार असंच. बद आणि मआश, म्हणजे ज्याची उपजीविका वाईट तो. 1857 च्या इंग्रजी कागदपत्रांत बंडवाल्यांना सर्रास हेच विशेषण लावलेलं आहे.

आता 'छपरी'. मराठीत छपरी म्हणजे लहानसं छप्पर, पडवीसारखं. म्हणजे या शिवीत माणसाचा गुन्हा एवढाच, की त्याच्या घरावर स्लॅब नाही. पण याच छपराच्या नावाची एक मुसलमान जमात आपल्या शेजारी आहे. छप्परबंद. छपरं शाकारणारे. इंग्रजांनी त्यांच्यावर खोटी नाणी पाडणारे असा शिक्का मारला. पोलीस अधिकारी एम. केनेडी याने 1908 मध्ये मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तक लिहिलं, त्यात हे लोक आहेत. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या दुरुस्तीनंतर सगळीकडे लागू करता येऊ लागला. मग हजेरी, परवाना, विजापूर-सोलापूरकडच्या वसाहती. एखाद्याने चोरी केली का, हा प्रश्नच नव्हता. तो कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे होतं. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आजही आहेत. त्याच यादीत भामटा हेही नाव आहे, आणि 'भामटा' हा शब्द तर आपण लहान मुलांना लाडानेसुद्धा म्हणतो.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. शिरखुर्मा संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे इमाम अबू हनीफासुद्धा मवाली?" एवढंच त्याने विचारलं. छपरीबद्दल काही विचारलं नाही.