गर्भावस्थेतील वेदनाशामक औषधे आणि अपत्याचा विकास

गरोदर स्त्रीने वेदना किंवा ताप यांवर घेतलेल्या औषधांचा गर्भाच्या व पुढे जन्मलेल्या अपत्याच्या वाढीवर होणारा परिणाम हा औषधविज्ञान, प्रसूतिशास्त्र व बालरोगशास्त्र या तिन्ही शाखांत अभ्यासला जाणारा विषय आहे. वेदनाशामक या एका नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशी औषधे येतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी स्टेरॉइडविरहित दाहशामके आणि कोडीन, ट्रामाडॉल, मॉर्फिन यांसारखी अफूवर्गीय औषधे हे त्यांतील तीन प्रमुख गट होत. कोणते औषध, गर्भावस्थेच्या कोणत्या आठवड्यात, किती मात्रेत आणि किती दिवस घेतले, यांवर परिणाम अवलंबून असतो. दाहशामकांचे उत्तरार्धातील धोके सिद्ध झालेले आहेत. पॅरासिटामॉलविषयीचा वाद मात्र अद्याप चालू आहे. या दोन गोष्टींची गल्लत लोकचर्चेत वारंवार होते.

पार्श्वभूमी

माता व गर्भ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंमधील देवाणघेवाण वारेमार्फत (अपरा) होते. मातेला न बाधणारे औषध वार अडवून धरते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होती. थॅलिडोमाइड या औषधाने ती खोटी ठरवली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचे व शामक औषध म्हणून विक्रीस आलेले हे औषध गरोदर स्त्रियांनी मळमळीवरही घेतले. १९६१ च्या अखेरीस ते तेथील बाजारातून काढून घेण्यात आले, तोवर अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके हातपाय खुंटलेली किंवा अन्य व्यंगे असलेली जन्मली होती. थॅलिडोमाइडची गणना आज या लेखातील गटांत होत नाही. परंतु मातेला निर्धोक असलेली मात्रा गर्भाला घातक ठरू शकते आणि घात होण्याचा काळ काही थोड्या दिवसांचाच असू शकतो, या दोन गोष्टी त्या घटनेतून वैद्यकाला कळल्या.

नीतीच्या दृष्टीने गरोदर स्त्रियांवर अशा औषधांचे हानी तपासणारे प्रयोग करता येत नाहीत. त्यामुळे या क्षेत्रातील ज्ञान तीन मार्गांनी मिळते : प्राण्यांवरील प्रयोग, प्रयोगशाळेतील ऊतींवरील निरीक्षणे आणि हजारो माता-बालकांच्या नोंदींचा दीर्घकाळ घेतलेला मागोवा. यांपैकी एकही मार्ग एकट्याने निर्णायक ठरत नाही.

स्टेरॉइडविरहित दाहशामके

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन व नेहमीच्या मात्रेतील ॲस्पिरिन ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिनचे हे कार्य जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. प्रोस्टाग्लँडिनविषयक संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक स्वीडनच्या सुने बर्गस्ट्रोम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासमवेत मिळाले. प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदना व दाह वाढतो, म्हणून ती अडवली की आराम पडतो. गर्भाच्या शरीरात मात्र हीच द्रव्ये दोन आवश्यक कामे करीत असतात.

पहिले काम हृदयाजवळचे आहे. गर्भ फुप्फुसांनी श्वास घेत नसल्याने फुप्फुस-धमनीतील बहुतेक रक्त डक्टस आर्टेरिओसस या लहानशा जोडवाहिनीतून परस्पर महाधमनीत जाते. ही वाहिनी जन्मानंतर आपोआप मिटते. तोपर्यंत ती उघडी ठेवण्यास प्रोस्टाग्लँडिन साहाय्य करते. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत मातेने दाहशामके घेतल्यास ही वाहिनी वेळेआधी आकुंचन पावू शकते. त्यामुळे गर्भाच्या हृदयावर ताण येतो आणि नवजाताच्या फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला राहण्याचा संभव असतो. विशेष म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही वाहिनी जन्मानंतरही उघडी राहिली, तर ती मिटवण्यासाठी डॉक्टर इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेन हीच औषधे देतात.

दुसरे काम मूत्रपिंडांचे आहे. साधारण विसाव्या आठवड्यापासून गर्भजलाचा मोठा भाग गर्भाच्या मूत्रापासून बनतो. दाहशामकांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडांचे कार्य मंदावले तर गर्भजल घटते. ही घट बहुधा काही दिवस ते काही आठवडे औषध घेतल्यानंतर दिसते, क्वचित ४८ तासांतही आढळते, आणि औषध बंद केल्यावर सहसा भरून निघते. ती दीर्घकाळ टिकल्यास फुप्फुसांची वाढ अपुरी राहणे, हातापायांचे सांधे आखडणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. या कारणास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये ही औषधे विसाव्या आठवड्यापासून टाळावीत, अशी सूचना काढली. त्यापूर्वीची सूचना तिसाव्या आठवड्यापासूनची होती. २० ते ३० आठवड्यांच्या दरम्यान ती देणे अटळच असेल तर किमान मात्रा किमान काळ द्यावी आणि उपचार ४८ तासांपलीकडे गेल्यास सोनोग्राफीने गर्भजल पाहण्याचा विचार करावा, असेही तीत म्हटले आहे.

अल्पमात्रेतील ॲस्पिरिन या सूचनेला अपवाद आहे. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भावस्थेत रक्तदाब वाढून मूत्रपिंडादी अवयवांना इजा पोहोचणारा विकार, होण्याची शक्यता अधिक असलेल्या स्त्रियांना प्रसूतितज्ज्ञ दररोज सुमारे ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात. 'ॲस्पिरिन वाईट' एवढेच ऐकून अशी गोळी परस्पर बंद करणे हे स्वतःच धोक्याचे ठरू शकते.

पहिल्या तिमाहीत दाहशामके घेतल्याने गर्भपाताचे प्रमाण वाढते का, याविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

पॅरासिटामॉल

पॅरासिटामॉलचा वैद्यकीय वापर १८९३ पासून ज्ञात असला, तरी त्याचा प्रसार १९५० च्या दशकात झाला. ते वार सहज ओलांडते. डक्टस आर्टेरिओसस व मूत्रपिंडे यांवर नेहमीच्या मात्रेत त्याचा दाहशामकांइतका परिणाम होत नसल्यामुळे गरोदरपणातील ताप व वेदना यांवर जगभर त्यालाच पहिली पसंती मिळाली. युरोप व अमेरिकेतील अनेक पाहण्यांत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांनी ते कधी ना कधी घेतल्याचे आढळते. एवढ्या मोठ्या वापरामुळेच त्याचा अगदी अल्प परिणामही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला असता, आणि संशोधकांचे लक्ष त्याकडे वळण्याचे हेच कारण आहे.

जननसंस्थेची वाढ. पुरुष-गर्भाची जननेंद्रिये साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली घडतात. डेन्मार्क व फिनलंड येथील संशोधकांनी २०१० साली सौम्य वेदनाशामकांचा दीर्घ वापर आणि मुलाचे वृषण खाली न उतरणे यांचा संबंध डेन्मार्कमधील नोंदींत दाखवला. फिनलंडच्या नोंदींत तो आढळला नाही. एडिंबरा येथे २०१५ साली उंदरांच्या शरीरात मानवी गर्भाच्या वृषणाची ऊती रोपण करून प्रयोग झाला. सात दिवस रोज तीनदा पॅरासिटामॉल दिल्यावर रक्तातील टेस्टोस्टेरॉन सुमारे ४५ टक्क्यांनी घटले. एकच दिवस दिल्यावर फरक पडला नाही. त्याच शहरातील संशोधकांनी २०१८ साली मानवी गर्भाच्या ऊती प्रयोगशाळेत पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांच्या सान्निध्यात आठवडाभर ठेवल्या असता अंडाशय व वृषण या दोन्हींतील बीजपेशींची संख्या कमी झालेली दिसली. ही निरीक्षणे महत्त्वाची असली, तरी रोपित ऊती म्हणजे मातेच्या उदरातील गर्भ नव्हे आणि अशा घटीमुळे पुढे प्रजननक्षमता किती घटते, हे त्यांवरून ठरत नाही.

मेंदूची वाढ. २०१३ साली नॉर्वेतील माता-बालक पाहणीतील २,९१९ भावंड-जोड्यांची तुलना प्रसिद्ध झाली. गरोदरपणात २८ दिवसांहून अधिक काळ पॅरासिटामॉल घेतलेल्या खेपेचे मूल तीन वर्षांचे असताना हालचालींच्या विकासात व वर्तनात भावंडाच्या तुलनेत मागे असल्याचे तीत आढळले. अल्पकाळ वापरात हे परिणाम सौम्य होते. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील ६४,३२२ बालकांच्या अभ्यासात अतिचंचलतेच्या तीव्र विकाराचे प्रमाण औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत ३७ टक्क्यांनी अधिक दिसले. २०२१ साली ९१ शास्त्रज्ञ व डॉक्टरांनी सह्या केलेल्या निवेदनात सावधगिरीचे आवाहन करण्यात आले. त्याला गर्भदोषविषयक सल्ला देणाऱ्या युरोपीय तज्ज्ञांनी आक्षेप घेतला.

येथे संबंध व कारण यांतील भेद कळीचा ठरतो. पॅरासिटामॉल घेणारी स्त्री ते विनाकारण घेत नाही. तिला ताप, संसर्ग, अर्धशिशी किंवा दीर्घकालीन वेदना असते, आणि यांपैकी काही गोष्टी स्वतःच मुलाच्या वाढीवर परिणाम करू शकतात. शिवाय अवधान-अस्थिरता व स्वमग्नता या अवस्थांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणून एकाच मातेच्या दोन अपत्यांची तुलना उपयोगी ठरते : एका खेपेस औषध घेतले, दुसऱ्या खेपेस घेतले नाही, तर कुटुंब व आनुवंशिक वारसा बऱ्याच अंशी समान राहतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा अभ्यास २०२४ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झाला. त्यात १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या २४,८०,७९७ बालकांच्या नोंदी होत्या. साध्या तुलनेत दहाव्या वर्षापर्यंत स्वमग्नतेचे निदान औषध न घेतलेल्या मातांच्या मुलांत १.३३ टक्के, तर घेतलेल्यांच्या मुलांत १.५३ टक्के होते. भावंडांची तुलना करताच स्वमग्नता, अवधान-अस्थिरता व बौद्धिक अक्षमता या तिन्हींबाबत फरक उरला नाही. या अभ्यासावरही टीका झाली आहे. त्यात केवळ ७.५ टक्के मातांच्या वापराची नोंद होती, तर शेजारच्या डेन्मार्कमध्ये निम्म्याहून अधिक मातांनी वापर सांगितला होता. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या नोंदीत न आल्यास खरा परिणाम झाकला जाऊ शकतो. असे असले तरी उपलब्ध पुराव्यांत भावंड-तुलनेचे वजन अधिक मानले जाते. जन्मवेळी नाळेतील रक्ताचे मापन करणारे अभ्यास अधिक वस्तुनिष्ठ वाटतात खरे. पण पॅरासिटामॉल काही तासांतच शरीराबाहेर पडत असल्याने ते मापन प्रसूतीच्या सुमारासचेच असते, नऊ महिन्यांचे नव्हे.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलचा संबंध स्वमग्नतेशी जोडून ते टाळण्याचे जाहीर आवाहन केले आणि तेथील औषध प्रशासनाने वेष्टनावरील सूचनेत बदल करण्याची प्रक्रिया सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना व युरोपीय औषध संस्था यांनी त्याच आठवड्यात असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नसल्याचे स्पष्ट केले. स्वमग्न मुलांच्या मातांवर दोष ठेवण्याची प्रवृत्ती नवी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात मातेची तथाकथित थंड वागणूक हे स्वमग्नतेचे कारण मानले जाई, आणि ते मत पुढे पूर्णतः निराधार ठरले.

अफूवर्गीय औषधे

ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास गर्भालाही त्यांची सवय जडते. जन्मानंतर पुरवठा तुटताच बाळात कंप, कर्कश रडणे, शिंका, दूध नीट न ओढणे अशी लक्षणे बहुधा पहिल्या तीन दिवसांत दिसू लागतात. शांत खोली, मातेचा सहवास व स्तनपान यांनी पुष्कळ बाळे सावरतात. काहींना अल्प मात्रेतील मॉर्फिन द्यावे लागते. व्यसनाधीन मातेचे औषध एकाएकी तोडणे धोक्याचे असल्यामुळे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांवर तिला स्थिर ठेवतात. भारतात ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे.

ताप अंगावर काढणे

औषध टाळण्यालाही किंमत असते. पहिल्या तिमाहीतील तीव्र तापाचा संबंध गर्भाच्या मज्जानलिकेच्या दोषांशी आढळला आहे. म्हणून पॅरासिटामॉल गरजेपुरते, कमीत कमी परिणामकारक मात्रेत व कमीत कमी दिवस घ्यावे, असा बहुतेक प्रसूतितज्ज्ञ संघटनांचा सल्ला आहे. ताप टिकल्यास त्याचे कारण शोधणे आवश्यक असते. डेंग्यूची साथ असलेल्या प्रदेशात, म्हणजे महाराष्ट्र व गोवा येथेही, पावसाळ्यातील तापावर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन न घेण्याचे आणखी एक कारण आहे : डेंग्यूत या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

भारतातील संयुक्त गोळ्या

भारतीय बाजारात एकाच गोळीत दोन-तीन औषधे असणे सर्रास आढळते. क्रोसिन व डोलो या नावांच्या नेहमीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. पण कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनही असते, आणि डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन होय. पाठदुखीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक पॅरासिटामॉलसोबत असते. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असल्याने दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या घेताना एकच औषध दुप्पट मात्रेत पोटात जाऊ शकते. घटकांची नावे पट्टीच्या मागील बाजूस बारीक, बहुधा इंग्रजी अक्षरांत छापलेली असतात.