मूळ प्रत कोणती?

पाठभेद ही संकल्पना शिकवताना आम्ही भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतले एखादे पान वर्गात दाखवतो. वर सिद्ध केलेली संहिता, खाली बारीक टायपात निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, समग्र आवृत्ती १९६६ साली. प्रत्येक हस्तलिखित सबंध छापणे शक्यच नव्हते. म्हणून एक संहिता आणि तिच्यापासूनचे फरक, अशी मांडणी झाली. संगणकविद्येत अशा फरकाला ‘डेल्टा’ म्हणतात. त्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही वाचावा असा आहे; कारण मूळ कशाला मानायचे, हा आपला जुनाच प्रश्न तिथेही पुन्हा पुन्हा उभा राहतो.

१९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ रचली. प्रोग्रामची प्रत्येक आवृत्ती सबंध साठवणे तेव्हा परवडणारे नव्हते. या पद्धतीत सगळ्या आवृत्त्या एकाच फाइलमध्ये विणल्या जात. कोणती ओळ कधी आली आणि कधी गळली, याच्या खुणा तिथेच असत. १९८२ साली वॉल्टर टिची यांनी ‘रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम’मध्ये निराळा मार्ग धरला. ताजी प्रत सबंध ठेवायची आणि मागच्या प्रती उलट्या फरकांनी सिद्ध करायच्या. माणसाला बहुधा शेवटची प्रतच हवी असते, हे साधे निरीक्षण त्यामागे होते. इथे मूळ ठरले ते सर्वांत नवे!

पुढे साठवण्याइतकाच पाठवण्याचा प्रश्न महत्त्वाचा झाला. जुनी प्रत एका यंत्रावर, नवी दुसऱ्यावर. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय नाही. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’मध्ये यावर तोड काढली. जुन्या प्रतीचे तुकडे पाडून प्रत्येकाची छोटी अंकखूण दुसऱ्या यंत्राकडे धाडायची. तिथे खुणा जुळतील तो मजकूर पाठवायचाच नाही. २००२ साली ‘व्हीसीडिफ’ या नावाने फरक लिहिण्याचे एक सामाईक रूपही ठरले. त्यात आज्ञा तीनच : अमुक जागेचा मजकूर उतरवून घे, हा नवा मजकूर घाल, हे अक्षर इतक्या वेळा लिही. त्याच्या कर्त्यांपैकी जोश मॅकडोनाल्ड यांची ‘एक्सडेल्टा’ ही लायब्ररी अशाच फाइली तयार करते. मात्र ज्या जुन्या प्रतीवरून फरक काढला, तीच प्रत समोरच्याकडे नसेल, तर फरकाची फाइल निरर्थक ठरते.

२००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ रचले. गिटच्या लेखी प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र आणि संपूर्ण असते. जागा वाचवण्यासाठी ते आतून डेल्टाच वापरते; पण त्यासाठी आधाराला कोणती प्रत घ्यावी, हा निव्वळ सोयीचा भाग. आधाराची प्रत म्हणून तिला श्रेष्ठत्व येत नाही.

आमच्या मते मुद्दा इथेच आहे. संगणकाचा डेल्टा प्रत्येक आवृत्ती अक्षरशः परत देतो. मूळ निवडण्याने अर्थाला धक्का लागत नाही. पाठचिकित्सकाला ही मोकळीक नाही. विष्णु सीताराम सुकथनकरांच्या संपादनातली संहिता ही कुठल्याही एका हस्तलिखिताची नक्कल नव्हे. पुराव्यांवरून केलेला तो निर्णय आहे. वर काय आणि तळटीपेत काय, हे ठरले की वाचकाच्या मनातली प्रतिष्ठाही ठरते. तळटीप हीसुद्धा कुणाची तरी संहिता होती, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. कागदावरच्या खर्ड्यात खोडलेला शब्द निदान दिसे. आज पुष्कळ लेखक संगणकावर लिहितात, त्याच फाइलवर पुन्हा साठवतात आणि आदला पाठ नाहीसा होतो. फरक जपण्याची साधने अर्धशतकापासून उपलब्ध आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ती स्वतःसाठी घडवली आणि रोज वापरली. कवितेच्या खर्ड्यांसाठी ती क्वचितच वापरली जातात. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आता एवढेच सांगतो : निबंधाचा प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा ठेवा. उद्याच्या पाठचिकित्सकाला तुलनेसाठी निदान दोन प्रती तरी हव्यात.