शोधनियतकालिकांतील पारदर्शकता : गोपनीयता आणि लपवणूक यांतील भेद

१. संज्ञानिश्चय

ज्या नियतकालिकातील प्रत्येक निबंध प्रसिद्धीपूर्वी त्या विषयाच्या जाणकारांनी तपासलेला असतो, ते शोधनियतकालिक. लेखक, परीक्षक, संपादक आणि प्रकाशक यांची परस्परांविषयीची व वाचकाविषयीची कर्तव्ये म्हणजे प्रकाशनाची नीती. ही कर्तव्ये पाळली गेली की नाही, हे बाहेरच्या माणसाला तपासता येण्याची व्यवस्था म्हणजे पारदर्शकता.

नीती हा आचरणाचा गुण आहे, तर पारदर्शकता ही पडताळणीची सोय आहे. नीतीने चालणारे नियतकालिकही अपारदर्शक असू शकते. पण तसे नियतकालिक वाचकाकडे श्रद्धा मागते, आणि ज्ञानव्यवहारात श्रद्धा हे प्रमाण नव्हे. म्हणून पारदर्शकतेला नीतीचे आवश्यक अंग मानावे लागते.

२. न सांगण्याचे तीन प्रकार

सर्व काही उघड करणे म्हणजे पारदर्शकता, ही समजूत बरोबर नाही. न सांगण्याचे तीन प्रकार संभवतात.

(१) गोपनीयता : माहिती झाकलेली असते, पण ती झाकली आहे हे आणि कोणत्या नियमाने झाकली आहे हे वाचकाला ठाऊक असते. परीक्षकाचे नाव न सांगणे हे याचे उदाहरण.

(२) लोप : जे सांगणे आवश्यक ते सांगितलेलेच नसते आणि काही राहून गेले आहे याची वाचकाला कल्पना नसते.

(३) मिथ्याकथन : सांगितलेले असते, पण ते खोटे असते.

पहिला प्रकार नीतीला धरून आहे, उरलेले दोन नाहीत. यातून एक सूत्र मिळते : व्यक्ती गुप्त राहू शकते, नियम गुप्त राहू शकत नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या सूचीचे परीक्षण पुण्यातील संशोधकांनी केले. ते २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यापीठांच्या शिफारशीने सूचीत आलेली १००९ नियतकालिके त्यांनी तपासली. पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी मूलभूत माहिती नसल्याने किंवा चुकीची असल्याने ३४.५ टक्के नियतकालिके पहिल्याच चाळणीत बाद झाली. आणखी ५२.३ टक्के नियतकालिकांनी खोटा आयएसएसएन, खोटा इम्पॅक्ट फॅक्टर असे दावे केलेले आढळले. पहिला गट मुख्यतः लोपाचा, दुसरा मिथ्याकथनाचा. येथे आयएसएसएनविषयी एक खुलासा आवश्यक आहे. तो केवळ ओळखक्रमांक आहे. त्याचा गुणवत्तेशी संबंध नाही.

३. पारदर्शकतेचे चार टप्पे

निबंधाचा प्रवास चार टप्प्यांनी होतो : कर्तृत्व, परीक्षण, अर्थकारण व मालकी, आणि दुरुस्ती. प्रत्येक टप्प्यावर वरील त्रिविध भेद लावून पाहू.

(अ) कर्तृत्व. निबंधावर ज्याचे नाव आहे त्याने काम केलेले असावे आणि ज्याने काम केले आहे त्याचे नाव असावे. विभागप्रमुखाचे नाव रिवाज म्हणून घालणे हे मिथ्याकथन; आकडेवारीचे काम करणाऱ्या कनिष्ठाचे नाव गाळणे हा लोप. मग लेखकाला गोपनीयता मिळू शकते काय? या प्रश्नाची कसोटी मुंबईतच लागली.

१९९३मध्ये मुंबईत फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटीने वैद्यकीय नीतीला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. परळच्या केईएम रुग्णालयातील मज्जाशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या हे त्याचे संस्थापक संपादक. २००४पासून ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने निघते. २०१८मध्ये त्यात स्वीडनमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या वाढीचा संबंध एचपीव्ही लसीशी असू शकतो, असे सुचवणारा निबंध आला. लेखकाचे नाव होते लार्स अँडरसन आणि संस्था कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट. अशी व्यक्ती आपल्याकडे नाही, असे त्या संस्थेने कळवले. नाव टोपण होते. आपल्याला धोका असल्याचे कारण लेखकाने दिले. संपादकांनी आरंभी खुलासा जोडून निबंध ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला आणि आधीचा निर्णय चुकल्याचे जाहीर केले.

या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. संपादकाने ओळख पडताळून, नाव बदलल्याचे छापून सांगितले असते, तर ती गोपनीयता ठरली असती. खोटी संस्था लावणे हे मात्र मिथ्याकथन आहे. धोक्याचे कारण खरे मानले तरी ते बदलत नाही. लेखकाची संस्था हा त्याचे हितसंबंध तपासण्याचा वाचकाचा मार्ग असतो, आणि तोच येथे बंद झाला.

(आ) परीक्षण. परीक्षकाचे नाव गुप्त ठेवता येते; परीक्षणाची पद्धत ठेवता येत नाही. किती परीक्षक, त्यांची निवड कोण करतो, मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा आणि संपादकाचा स्वतःचा निबंध आल्यास तो कोणाकडे जातो, हे आधी छापलेले असावे. निबंध आल्याची, सुधारल्याची आणि स्वीकारल्याची तारीख ही याची सर्वांत साधी खूण आहे. सोमवारी आलेला निबंध गुरुवारी स्वीकारला गेला असेल, तर परीक्षण किती झाले हे तारखाच सांगतात.

(इ) अर्थकारण व मालकी. लेखकाकडून शुल्क घेणे स्वतः अनैतिक नाही. स्वीकृतीनंतर रक्कम सांगणे, किंवा शुल्क वसूल करणाऱ्याच्याच हाती स्वीकृतीचा निर्णय असणे, हे अनैतिक आहे. शुल्काविना प्रकाशन चालू शकते, याचाही पुरावा परळमध्ये आहे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व केईएम यांच्या स्टाफ सोसायटीने १९५५मध्ये सुरू केलेल्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने लेखकांकडून शुल्क न घेता संपूर्ण मजकूर वाचकांना मोफत खुला केला.

मालकीचा प्रश्न अधिक कठीण आहे. मराठी नियतकालिकांच्या वाचकाला मार्चच्या अंकातील ‘फॉर्म नंबर ४’चे निवेदन परिचित असते. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे-पत्ते आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेले भागधारक त्यात जाहीर होतात. पण २०२३च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने ‘नियतकालिक’ या संज्ञेच्या व्याख्येतून वैज्ञानिक, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाची जर्नल्स वगळली आहेत. म्हणजे मालक कोण हे जाहीर करण्याचे त्या कायद्याचे बंधन शोधनियतकालिकावर नाही. ते त्याने स्वतःवर घालून घ्यायचे आहे.

मालक जाहीर असला तरी मालक आणि संपादक यांच्या अधिकारांची सीमा लिखित असावी लागते. लोअर परळहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त जुलै २०१७मध्ये हा प्रश्न उभा राहिला. एका उद्योगसमूहाच्या कायदेशीर नोटिशीनंतर साप्ताहिकाची मालक असलेल्या समीक्षा ट्रस्टने एक लेख संकेतस्थळावरून काढायला सांगितला. संपादक परंजय गुहा ठाकुरता यांनी राजीनामा दिला. आपल्याला न कळवता नोटिशीला उत्तर धाडले गेले, हा विश्वस्तांचा आक्षेप होता. कोणाची बाजू योग्य, हा येथील विषय नाही. लेख काढण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या कारणांनी, हा नियम वादाच्या आधी छापलेला असावा लागतो. वाद सुरू झाल्यावर केलेला नियम कोणत्यातरी एका पक्षाचाच ठरतो.

(ई) दुरुस्ती. प्रसिद्ध नोंद मूक राहून पुसणे हा लोप आहे. ‘मागे घेतला’ असा शिक्का मारून, कारण देऊन, मूळ मजकूर वाचनासाठी ठेवणे ही दुरुस्ती आहे. दुरुस्ती न झाल्याचा परिणाम किती दूर जातो, हे रानपिंगळ्याच्या उदाहरणात दिसते. या पक्ष्याचा शेवटचा अस्सल नमुना १८८४चा. तरीही पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४मध्ये गुजरातेतील मांडवीला तो मिळवल्याची नोंद ग्रंथांत टिकून राहिली आणि शोध घेणारे चुकीच्या जागी जात राहिले. पक्षिअभ्यासक पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची क्ष-किरणाने तपासणी केली, आतली भरणी व शिवण पाहिली. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती, हे त्यातून उघड झाले. ती नोंद बाजूला ठेवून शोधपथक खानदेशाकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ पक्षी जिवंत आढळला. १९९९मध्ये ही फसवणूक ‘आयबिस’मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कातडे जपून ठेवलेले होते म्हणूनच असत्य सिद्ध करता आले. शोधनिबंधाची मूळ आकडेवारी जपून ठेवण्याचा नियम याच कारणाने आवश्यक ठरतो. पुरावा नष्ट झाल्यास खोटे आणि खरे दोन्ही सारखेच असिद्ध राहतात.

४. सूचीची मर्यादा

आता प्रश्न असा की ही पडताळणी एखाद्या केंद्रीय सूचीवर सोपवता येईल काय? अनुदान आयोगाने मे २०१८मध्ये आपल्या सूचीतून ४३०५ नियतकालिके वगळली, पुढे ‘केअर लिस्ट’ आणली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी शिक्षणसंस्थांकडे दिली. सूची अपुरी ठरण्याची कारणे तीन. पहिले, सूची नियतकालिकाला प्रमाणपत्र देते, पण दोष निबंधात असतो. दुसरे, सूची एका क्षणीची असते, तर मालक व संपादक बदलत राहतात. तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे : सूचीत नाव असणे पदोन्नतीशी जोडले गेले की त्या नावालाच बाजारभाव येतो आणि नाव मिळवणे हाच उद्योग होतो.

५. निष्कर्ष

यावरून जबाबदारीची वाटणी स्पष्ट होते. नियतकालिकाने नियम, पैसा, मालकी आणि दुरुस्ती या चार गोष्टी अंकात व संकेतस्थळावर छापाव्यात. व्यक्तींची नावे जेथे झाकायची तेथे ती झाकल्याचे सांगावे. लेखकाने निबंध पाठवण्यापूर्वी या चार गोष्टी शोधाव्यात आणि न सापडल्यास निबंध पाठवू नये. निवड समितीने उमेदवाराचे निबंध मोजण्याऐवजी त्यांतले दोन-तीन वाचावेत. यांपैकी शेवटची अट पाळली गेली नाही, तर पहिल्या दोन निरुपयोगी होतात. कारण जेथे निबंध वाचलाच जात नाही, तेथे तो खरा असण्याची गरज कोणालाच उरत नाही.