मांसाच्या तुकड्याची ओळख

देवमाशाच्या नांवांत मासा असला तरी तो मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हें आम्हां शिक्षकांना वर्गांत पुनःपुन्हा सांगावें लागतें. परंतु त्याच्या नांवाचा घोटाळा शाळेपुरताच नाहीं. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगानें १९८२ सालीं व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला व तो १९८६ पासून अंमलांत आला. तरीहि शास्त्रीय संशोधनासाठीं देवमासे मारण्याची मोकळीक सरकारांना राहिली. अशा शिकारीचें मांस जपानच्या बाजारांत उघडपणें विकलें जाई. मिंक नांवाच्या लहान जातीचें मांस त्यामुळें कायदेशीर. हंपबॅक, म्हणजे कुबड्या देवमाशाची व्यापारी शिकार मात्र १९६६ पासूनच बंद. पण कापून, खारवून, मुरवून ठेवलेल्या तुकड्याकडे पाहून त्याची जात कोण सांगणार? कायदा नांव विचारतो आणि तुकडा मुका असतो.

प्राण्याच्या पेशींत डी. एन. ए. नांवाचें द्रव्य असतें. चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेली ती एक लांबलचक ओळ समजा. प्रत्येक जातीची ओळ थोडी निराळी. खारवल्या मांसांतहि तिचे तुकडे टिकून राहतात. अडचण एवढीच कीं ते फार थोडे असतात. १९८३ सालीं अमेरिकेंतील कॅरी मुलिस यांना त्यांच्या नकला काढण्याची युक्ति सुचली. द्रव तापवावा, निववावा, पुन्हा तापवावा. दर खेपेस नकला दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण ऐकलीच आहे. तीस खेपांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात!

१९९३ सालीं स्कॉट बेकर व स्टीफन पॅलंबी या दोघां शास्त्रज्ञांनीं जपानी बाजारांतील असे तुकडे तपासण्याचें मनावर घेतलें. पण एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. संरक्षित प्राण्याचें मांस परवान्यावांचून देशाबाहेर नेण्यास १९७३ च्या वॉशिंग्टन करारानें बंदी. ज्या कायद्याचा भंग पकडावयाचा, तोच पुरावा अडवून धरणार! तेव्हां बेकर यांनीं टोकियोंतील हॉटेलच्या खोलींतच लहानसें यंत्र मांडलें, तेथेंच नकला काढल्या व मूळ मांस न नेतां त्या नकलाच बरोबर नेल्या. नक्कल म्हणजे कांहीं देवमाशाचें अंग नव्हे. वकिलांनाहि कौतुक वाटावें अशी ही तोड होती.

१९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिंक तर होताच. पण त्यासोबत फिन व हंपबॅक या जातीहि निघाल्या, आणि कांहीं तुकडे चक्क डॉल्फिन वर्गांतले होते. त्यावर, हा माल जुन्या काळचा, शीतगृहांत राहिलेला असेल, असें उत्तर देतां येण्याजोगें होतें. तें अगदींच टाकाऊ नव्हतें. डी. एन. ए. जात सांगतो, मृत्यूची तारीख सांगत नाहीं.

तारीख कळावयाची तर माणसानें नोंद ठेवलेली असावी लागते. आइसलंडनें १९८९ सालीं संशोधनाच्या नांवाखालीं मारलेल्या देवमाशांत निळ्या व फिन जातींचा एक दुर्मिळ संकर होता, आणि तेथील शास्त्रज्ञांनीं त्याचा नमुना जपून ठेवला होता. १९९३ सालीं ओसाकांत विकत घेतलेला एक तुकडा त्याच प्राण्याचा असल्याचें १९९९ सालीं सिद्ध झालें. त्या एका तुकड्यापुरतें तरी शीतगृहाचें उत्तर खरें होतें. मांस चार वर्षांचें होतें. इतर तुकड्यांच्या बाबतींत मात्र असें पडताळून पाहण्यास कोणत्याहि बंदराची वही उपलब्ध नव्हती.