निवाऱ्यातील प्रेम (कल्पनाबंध)

निवाऱ्यातील प्रेम हा प्रेमकथेतील एक प्राचीन कल्पनाबंध आहे. वादळ, पूर किंवा पाठलाग यांमुळे दोन अपरिचित व्यक्ती एखाद्या गुहेत, झोपडीत वा परक्या घरात एकत्र येतात आणि बाहेर पडणे शक्य होईपर्यंतच्या काळात त्यांच्यात अनुराग निर्माण होतो, अशी त्याची सामान्य रचना असते. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला अडवून ठेवलेले असल्यास ती कथा अपहरणाची ठरते. म्हणून दार निसर्गाने बंद केले आहे की माणसाने, हा भेद येथे निर्णायक आहे.

प्राचीन वाङ्मय

रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात शिकारीच्या वेळी वादळ होते आणि कार्थेजची राणी डायडो व ट्रॉयहून आलेला निर्वासित एनिअस एकाच गुहेत आश्रय घेतात. हे वादळ जुनो देवीने घडवून आणलेले असते. डायडो या भेटीला विवाह मानते. एनिअस पुढे आपण असे वचन दिलेच नव्हते असे सांगून निघून जातो आणि ती आत्मघात करते. एकाच आश्रयाचा दोघांनी लावलेला भिन्न अर्थ हे या प्रसंगाचे मर्म होय.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात निवारा दोनदा येतो. पहिल्या अंकात शकाराच्या पाठलागातून निसटलेली वसंतसेना अंधारात चारुदत्ताच्या घरात शिरते. तिला दासी रदनिका समजून तो आपले उत्तरीय तिच्याकडे देतो व मुलाला पांघरायला सांगतो. चारुदत्ताविषयी तिच्या मनात आधीच ओढ असते. त्याला मात्र समोर कोण आहे हेही ठाऊक नसते. पाचव्या अंकात ती भर वादळात स्वतःहून त्याच्याकडे येते. पहिल्या वेळी भीतीने उघडलेले दार दुसऱ्या वेळी इच्छेने उघडते, हा फरक व्हर्जिलच्या गुहेत नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक संगीत रूपात मराठी रंगभूमीवर आणले.

चित्रपट

आधुनिक काळातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे फ्रँक काप्रा दिग्दर्शित 'इट हॅपन्ड वन नाइट' (1934). पावसामुळे बसचा मार्ग बंद पडतो आणि घरातून पळालेली श्रीमंत तरुणी व एक बातमीदार यांना प्रवासी तळावरील एका खोलीत रात्र काढावी लागते. दोन खाटांमध्ये दोरीवर घोंगडी टांगून नायक पडदा करतो. ही क्षुल्लक घोंगडीच चित्रपटाचा खरा नायक म्हणावी लागेल. कारण ती कधी खाली येणार हे पुरुषाच्या बळावर ठरत नाही. 'चोरी चोरी' (1956) व 'दिल है के मानता नहीं' (1991) हे हिंदी चित्रपट याच कथेवर बेतलेले आहेत.

सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई' (2010) या मराठी चित्रपटात झोपडीची जागा शहर घेते. स्थळ पाहण्यासाठी मुंबईहून आलेली तरुणी (मुक्ता बर्वे) आणि एक पुणेकर तरुण (स्वप्नील जोशी) एक दिवस पुण्यात एकत्र घालवतात. येथे बंद दार नाही. परके शहर व दिवसाची मुदत एवढेच बंधन आहे, आणि तरुणी कधीही परत जाऊ शकते.

वास्तवातील निवारा

प्रत्यक्ष आपत्तीत दोघांपुरता एकांत क्वचितच लाभतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्यावर मुठेचे पाणी पुण्याच्या शनिवार, नारायण आदी नदीकाठच्या पेठांत शिरले. लोक उंच जागी व माड्यांवर धावले. निवारा मिळाला, पण तो गर्दीचा होता. एरवीही सामाईक चौक, जिना आणि नळ असलेल्या पेठेतील वाड्यात कोण कोणाशी बोलते हे लपत नसे.

मानसशास्त्र

डोनाल्ड डटन व आर्थर ॲरन यांनी 1974 साली कॅनडातील कॅपिलानो झुलत्या पुलावर केलेला प्रयोग या संदर्भात उल्लेखिला जातो. भीतिदायक पुलावर भेटलेल्या पुरुषांनी तेथील संशोधक तरुणीला नंतर दूरध्वनी करण्याचे प्रमाण भक्कम पुलावरील पुरुषांपेक्षा अधिक आढळले. भीतीमुळे वाढलेली धडधड आकर्षणाची समजली जाते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. पूल ओलांडल्यानंतर हे आकर्षण किती टिकते, हा त्या प्रयोगाचा विषय नव्हता.