माथेरानची सोपी वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

डोंगरात फिरायला जायचे म्हटले की घरातली निम्मी माणसे मागे सरतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला नुसता चढ बघूनच धाप लागते. अशा घरांना माथेरानने पिढ्यानपिढ्या सांभाळून घेतले आहे. बाजारपेठेतून निघावे, शार्लट तलावाच्या काठी थोडे टेकावे, पिसारनाथाचे दर्शन घ्यावे, एको पॉइंटला मुलांना मनसोक्त ओरडू द्यावे आणि उन्हे कलायच्या सुमारास लुइझा पॉइंटला पोचावे. समोर प्रबळगड, खाली खोल दरी, पायाखाली तांबडी माती आणि डोक्यावर जांभूळ, अंजनी, हिरड्याची सावली. मोठा चढ म्हणून कुठे नाहीच. आजीबाईदेखील नातवाचे बोट धरून एवढे चालून येतात.

पण समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीच्या डोंगरावर इतकी सोपी वाट आली कुठून? निम्मे उत्तर भूगोलात आहे. सह्याद्रीचे हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून बनले. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे आवरण आहे. त्यामुळे कडे तुटलेले आणि माथा मात्र बराचसा सपाट. एकदा वर पोचले की चालणे सोपे. अवघड आहे ते वर पोचणे. उरलेले निम्मे उत्तर म्हणूनच इतिहासात शोधावे लागते.

इतिहासाची पुस्तके सांगतात की माथेरानचा ‘शोध’ मे १८५० मध्ये लागला. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी, चौक गावी होता. आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने ते वर चढले, माथ्यावरची गर्द झाडी पाहून खूश झाले आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा आले आणि राहण्यापुरती झोपडी बांधून गेले. माथेरानची कहाणी बहुधा इथूनच सुरू करतात.

यात एक गोष्ट मात्र सहज निसटते. मॅलेटसाहेब त्या दिवशी एकटे चढले नव्हते. त्यांच्याबरोबर खालच्या गावचा पाटील होता, आणि त्या पाटलाला वाट ठाऊक होती. धनगरांची गुरे, ठाकर आणि कातकऱ्यांची पावले या डोंगराला नवी नव्हती. हिरडा, मध, सरपण यांसाठी ही माणसे रानात वावरत होती. ‘माथेरान’ हे नावच पाहा ना. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या नावाची फोड सहसा करतात. साहेब येण्याआधीच कुणीतरी हा माथा आणि हे रान नीट पाहून त्याला नाव देऊन ठेवले होते. शोध लागला तो मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या साहेबलोकांना.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. १८५५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे येऊन आपल्या बंगल्यासाठी जागा निवडली. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत गेली आणि नेरळ मुंबईच्या आवाक्यात आले. राहिला प्रश्न नेरळपासून वरच्या सात-एक मैलांच्या चढाचा. तो सुटला तट्टांच्या पाठीवर आणि भोयांच्या खांद्यावर. साहेब, मडमा आणि त्यांच्या मागोमाग मुंबईचे धनिक पालखीत, डोलीत बसून वर जात. पिठाच्या पोत्यापासून पलंगापर्यंत सगळे सामान कुणाच्या तरी डोक्यावरून नाहीतर जनावराच्या पाठीवरून वर येई. मग वर पोचलेली मंडळी ताज्या दमाने संध्याकाळचा फेरफटका मारायला निघत. वाट सोपी होती, कारण तिचा अवघड भाग दुसऱ्याने उचललेला होता.

त्या फेरफटक्यांसाठीच पॉइंट ठरले, तिथवर रस्ते आखले गेले. ओढा अडवून पिण्याच्या पाण्यासाठी तलाव केला, त्याला शार्लटचे नाव मिळाले. लुइझा, अलेक्झांडर, पॅनोरमा अशी नावे नकाशावर चढली. चौकसारखे एखादे पायथ्याचे गावही यादीत आहे. वाट दाखवणाऱ्या पाटलाचे नाव मात्र कुठल्या पॉइंटला दिलेले नाही.

चढ खऱ्या अर्थाने हलका केला तो १९०७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या छोट्या गाडीने. आदमजी पीरभॉय कुटुंबाने पदरचे पैसे घालून नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे २१ किलोमीटरची ही दोन फुटी रेल्वे बांधली. डोंगराला वळसे घेत घेत ती वर चढते. सात मैलांच्या पायवाटेपेक्षा रूळ लांबले ते या वळशांमुळेच. आता सामान्य माणूसही तिकीट काढून माथेरानला येऊ लागला. तरी स्टेशनापासून बंगल्यापर्यंत आणि पॉइंटापर्यंत न चालणाऱ्यांसाठी माणसांनी ओढायच्या रिक्षा होत्याच. एक जण पुढून ओढणार, एक-दोघे मागून ढकलणार.

या कष्टकरी गावातूनच एक मोठा माणूस निघाला. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात झाला. वकील झालेला हा तरुण पायथ्याच्या शेतकरी-आदिवासींच्या बाजूने उभा राहिला. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते हुतात्मा झाले. या डोंगरांतल्या वाटा त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना ठाऊक होत्या. त्या वाटा सोप्या नव्हत्या.

माथेरानला मोटारींना मज्जाव आहे हे आपण कौतुकाने सांगतो, आणि ते खरेच कौतुकाचे आहे. मोटार दस्तुरी नाक्याला थांबते. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोटार नाही म्हणून धूर नाही, भोंगा नाही आणि लहान मूल रस्त्यावर मोकळे धावू शकते. पण याची दुसरी बाजूही आहे. इंजिनाला बंदी असलेल्या या गावात इंजिनाचे काम माणूस करत राहिला. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटली तरी परवाना असलेल्या ९४ हातरिक्षा येथे चालू होत्या.

२०२२ च्या डिसेंबरात विजेवर चालणाऱ्या रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हा मतभेद उघड झाले. घोडेवाल्यांना पोटाची काळजी होती. आज रिक्षा आली तर उद्या मोटार येईल, ही निसर्गप्रेमींची भीतीही खोटी नव्हती. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असे राज्य सरकारला बजावले. त्याच निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा दिली आणि आतल्या रस्त्यांवर व पायवाटांवर ते बसवण्यास मनाई केली.

मला हा निकाल विचारी वाटतो. ओढणाऱ्याची सुटका झाली पाहिजे, आणि तांबड्या मातीची वाटही राहिली पाहिजे. यांपैकी एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची गरज नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेची रिक्षा असावी, आणि ती चालवायला काल हातरिक्षा ओढणाऱ्यालाच मिळावी. बाकीच्यांना देवाने पाय दिले आहेत.

पुढच्या खेपेला माथेरानला गेलात तर लुइझा पॉइंट जरूर पाहा, पण एखादी सकाळ रामबागेसाठी राखून ठेवा. तिथून चौकच्या दिशेने पायवाट उतरते. मॅलेटसाहेब याच बाजूने उतरले होते. तिथे थोडा वेळ थांबा. पायथ्याच्या वाडीतले कुणी ओझे घेऊन वर येताना भेटले, तर त्यांना आधी जागा द्या. ही वाट आपल्याआधी त्यांची आहे.